बापूरावांच्या टाक्यातल्या अळ्या

कामरगावच्या बापूरावांची वांगी कधी बाजारात उठून दिसली नाहीत, की त्यांच्या बैलाला पोळ्यात कोणी वाहवा दिली नाही. म्हणून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या अंजू मॅडम त्यांच्या गोठ्यामागच्या टाक्यात वाकून "वा!" म्हणाल्या, तेव्हा बापूरावांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

टाक्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, त्याही हिवताप पसरवणाऱ्या जातीच्या. सीताफळाच्या बियांचा अर्क त्यांच्यावर चालतो का, हे मॅडमना पाहायचं होतं. बाकीचं गाव कोरडा दिवस पाळून दर आठवड्याला टाकी घासणारं. अळ्या सापडल्या त्या इथेच. मॅडमनी टाक्यावर जाळी बांधली.

"काका, सोमवारी न्यायला येते. सगळा प्रयोग तुमच्या भरवशावर आहे."

बापूरावांची छाती जी फुगली ती उतरेना.

दुसऱ्या दिवशी गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा सेविका लिलाबाई तपासणीला आल्या. बापूराव टाक्याच्या काठावर राखणीला बसलेले.

"बापूभाऊ, उठा. पाणी फेका ते."

"नाई फेकत. कॉलेजचे हायेत ते."

"डास कॉलेजचे?"

आतून त्यांची बायको हौसाबाई ओरडल्या, "ताई, मी तापानं फणफणली होती तवा हा मानूस माह्या उशाशी असा बसला नवता!"

लिलाबाई कपाळावर हात मारून गेल्या.

शनिवारी बापूरावांना अळ्या सुस्तावल्यासारख्या वाटल्या. उपाशी असतील बिचाऱ्या! राखणीतल्या जित्राबाला उपाशी ठेवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. त्यांनी बैलाची ताजी, तेलकट सरकीची ढेप पसाभर चुरून पाण्यात टाकली. "खा लेकहो," म्हणाले.

रविवारी पाण्यावर तेलाचा तवंग होता. अळ्यांना श्वास घ्यायला वर यावं लागतं; तवंगाखाली साऱ्या गुदमरून तळाला गेल्या होत्या.

"आता मॅडमले सांगा," हौसाबाई म्हणाल्या, "सीताफळाची गरज नाई, मी नवराच पाठोतो."

बापूराव हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कोणी भरवसा ठेवला होता. त्यांनी टाकं उपसलं आणि ते बादली घेऊन दारोदार निघाले.

"डास हायेत काय जी, डास?"

"आमच्या घरी? आमी काय तुमच्यासारखे हाओत?" जमनाबाईंनी तर झाडूच उगारला.

शेवटचं घर लिलाबाईंचं. अंगणात उन्हाळ्यापासून पडलेला कूलर होता. बापूरावांनी वाकून पाहिलं. खाली पाणी, आणि पाण्यात नुसती जत्रा! तेवढ्यात लिलाबाई बाहेर आल्या. त्यांचं तोंड उतरलं.

"भाऊ, गावात सांगसान त मी मेली."

"ताई, मी डास न्यायले आलो. तुमची अब्रू नाई."

मग लिलाबाईंनीच पदर खोचला आणि पेल्यानं बादली भरून दिली.

सोमवारी मॅडम आल्या. कोरडं टाकं पाहून थबकल्या.

"मॅडम, टाक्यातले माह्या हातानं मेले," बापूराव खाली पाहत म्हणाले. "हे दुसरीकडचे हायेत."

मॅडमनी भिंगातून बादलीत पाहिलं आणि त्या खूश झाल्या. "जात तीच आहे! पण आणले कुठून? मला नोंद करावी लागेल."

पलीकडे हौसाबाईंशेजारी लिलाबाई उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ते नका विचारू मॅडम," बापूराव म्हणाले. "चांगल्या घरचे हायेत."