भिंत चुकली होती, सिधू नव्हे

सिधूच्या बायकोचा, शालूवहिनींचा, फोन आला तेव्हा काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या अभ्यासिकेत मी नववीच्या वर्गाला समांतर रेषा शिकवत होतो. "मास्तर, हे गेले... सकाळी. चहाचा कप हातातच होता," वहिनी म्हणाल्या. यावर चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला हा शहाणा काय बोलला? "बरं बरं, संध्याकाळी येतो मग भेटायला." फोन ठेवला, फळ्यावरची अर्धवट रेषा पूर्ण केली, तिला 'म' असं नावसुद्धा दिलं... आणि मग खडू हातातून पडला. सिधू असता तर म्हणाला असता, "मास्तर, तुझ्या डोक्यात उजाडायला दुपार लागते."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मधल्या काळात शोकसभेत आणि जिन्यावर सिधूबद्दल जे ऐकलं, त्यातलं निम्मं खोटं आहे. म्हणे शांत, सोशिक, सगळ्यांशी जुळवून घेणारा! अहो, जुळवून घेणं त्याला जमलं असतं तर ही हकीकत लिहायची वेळच आली नसती. सिद्धार्थ, म्हणजे आमचा सिधू, लादी बसवायचा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. भूमितीत तो माझ्या पुढे होता, हे मी आयुष्यभर लपवलं, आज कबूल करतो. सातवीनंतर घरच्या अडचणीमुळे तो मामाबरोबर कामाला गेला आणि मी कॉलेजात. गिरगावापासून माहीमपर्यंत किती घरांत, किती दवाखान्यांत लोक त्याने आखलेल्या रेषांवरून चालतात, कुणाला पत्ताही नाही. लादी कापताना उडणारी धूळ चाळीस वर्षं छातीत जात राहिली. शेवटी डॉक्टरने एक्स-रे काढून काम बंद करायला सांगितलं, तर बाहेर येऊन मला म्हणतो, "लोकांच्या घरात बसवली तेव्हा कुणी बघितलं नाही रे. माझ्या छातीत बसली, तर लगेच फोटो काढला!"

तेवढ्यात चाळीतली तळमजल्याची रिकामी खोली पोरांच्या अभ्यासासाठी घ्यायचं ठरलं. सिधू उठला आणि कमिटीत जाऊन सांगून आला, की लादी मीच बसवणार, शेवटचं काम आहे. वहिनी रडल्या, मी ओरडलो. "मी पाचवीत होतो तेव्हा जिन्याखाली बसून अभ्यास केला," सिधू एवढंच बोलला. थोडं काम, मग खुर्चीत दम खायचा, मग परत थोडं, असं करत त्याने उजव्या भिंतीपासून अर्धी खोली लावली. आणि एके दिवशी दम इतका लागला, की चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले.

इथे आमची बुद्धी चालली. म्हटलं, बिचाऱ्याचे कष्ट वाचवू. एक दुसरा कारागीर बोलावला आणि मास्तरी थाटात हुकूम सोडला, "तू डाव्या भिंतीपासून सुरू कर. डावी-उजवी, दोन्ही भिंती समांतर. दोन्हीकडची लादी मध्ये येऊन भेटेल." तो म्हणाला, "मास्तर, असं कुणी करत नाही." मी त्याला समांतर रेषांची व्याख्या ऐकवली. तो गप्प बसला. व्याख्येपुढे माणसं गप्प बसतात, हा माझा जुना अनुभव.

सिधू परत आला, दारात उभा राहिला आणि हसत सुटला. हसता हसता खोकला, भिंत धरली, परत हसला. खोलीच्या बरोब्बर मध्ये, दारातून सरळ समोर, दोन्हीकडच्या लाद्यांच्या मध्ये एक लांबलचक पाचर राहिली होती. दाराशी वीतभर रुंद, पलीकडच्या टोकाला तीन बोटं. "मास्तर, या भिंती समांतर आहेत हे कुणी सांगितलं?" "दिसतात की तशा!" "दिसतात म्हणून तू पोरांना मार्क देतोस?"

मग त्याने उजव्या भिंतीपासून डाव्या भिंतीपर्यंत दोरी ताणली. काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार, ज्याला ते गुण्या म्हणतात, ते आधी उजव्या कोपऱ्यात लावलं. एक पातं भिंतीला, दुसरं दोरीला चिकटून बसलं. मग तोच गुण्या डाव्या भिंतीशी. दोरीला चिकटला, पण भिंतीशी फट राहिली. फटीतून करंगळी जात होती. दोन समांतर रेषांना तिसरी रेषा छेदते तेव्हा एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज एकशे ऐंशी अंश होते, हे मी हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. एकीकडे नव्वद असेल तर दुसरीकडे नव्वदच हवेत. नाहीत, म्हणजे भिंती समांतर नाहीत. एवढं साधं, आणि मला ते एकदाही तपासावंसं वाटलं नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "सिधूभाऊ, पांढरं सिमेंट भरू मध्ये. पोरांना काय कळतंय?"

सिधूचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता, पण खोलीभर ऐकू गेला. "पोरांना कळत नाही म्हणून? मग अभ्यासिका कशाला काढताय?" आणि माझ्याकडे वळून, "तुझी अर्धी उखडायची. आजच."

उखडली. छिन्नी माझ्या हातात दिली होती, शिक्षा म्हणून. त्याला धूळ चालायची नाही, म्हणून तो बाहेर व्हरांड्यात बसून शिव्या द्यायचा. मग उजवीकडची रेषा तशीच पुढे नेत डाव्या भिंतीपर्यंत त्याने एकेक लादी स्वतः बसवली. शेवटी त्या भिंतीशी निमुळती होत जाणारी पट्टी उरलीच, उरणारच होती. तिचे तिरपे तुकडे मी तोंडाला फडकं बांधून, पाणी ओतत कापले. अकरा लाद्या फोडल्या. "झाक ना ती पट्टी, भिंतीच्या पायथ्याचं स्कर्टिंग जाड लाव," मी म्हटलं. "का झाकू? भिंत चुकलीय. लादीने लाजायचं काय कारण?" ...काम संपल्यावर तीन आठवड्यांनी तो गेला.

शोकसभा त्याच अभ्यासिकेत भरली. तिथे अध्यक्षांनी सिधूचं कौतुक केलं, डोळे पुसले आणि जाहीर केलं, की त्याच्या स्मरणार्थ खोलीभर उत्तम कार्पेट टाकण्यात येईल, म्हणजे ती भिंतीकडची तिरपी पट्टीही दिसणार नाही. टाळ्या पडल्या. मला भाषण येत नाही. मी उठलो, डाव्या भिंतीशी गेलो आणि त्या पट्टीवर मांडी घालून बसलो. बसताना गुडघा असा वाजला, की मागच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, हे काय? उठा." खरं सांगायचं तर मला उठता येतच नव्हतं, पण ते मी सांगितलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून शालूवहिनी उठल्या. पदर खोचला, आल्या आणि माझ्या शेजारी त्याच पट्टीवर बसल्या. म्हणाल्या, "टाका कार्पेट. आमच्या दोघांवरून टाका."