हळदीच्या पडद्यावरचे विमान

निवृत्तीनंतर खुनाची, दरोड्याची प्रकरणे विसरत चाललो आहे. जळगावजवळच्या धावपट्टीचे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात कोणी मेले नव्हते, तरी आठवले की आजही संताप येतो.

मी त्या हद्दीतील ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी विमान चालवायला शिकणारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील धुळ्याला एसटीत वाहक. खुर्ची दिली तरी ते बसेनात.

मुलगी म्हणाली, "सर, मी एकटी उडत होते. प्रवासी विमान उतरायचं होतं, म्हणून टॉवरने मला केळीच्या बागांवर ठरावीक उंचीवर घिरट्या घालत थांबायला सांगितलं. तिथे समोरून ड्रोन आला आणि पंखावर आदळला."

तिने विमान सुखरूप उतरवले होते. तरी प्रशिक्षण संस्था म्हणत होती की ड्रोन वगैरे काही नाही, ही सांगितलेली उंची सोडून खाली आली आणि पक्षी धडकला. तिचे उड्डाण बंद केले होते. ठपका कायम झाला असता तर तिचे शिक्षण तिथेच संपले असते.

"मनी पोर खोटी नही शे, साहेब," वडील एवढेच बोलले.

स्टेशन डायरीला नोंद करून मी टॉवरवर गेलो. तिथल्या नियंत्रकाने समजावले, "इथे रडार नाही. प्रत्येक वैमानिक आपली जागा आणि उंची रेडिओवर सांगतो, त्यावरून आम्ही दोन विमानांत अंतर ठेवतो. तिने बरोबर उंची सांगितली होती. पण ती खरंच तेवढ्यावर होती, हे मी कशावरून सांगू?"

"आणि ड्रोन?"

"ज्याचा आम्हाला पत्ताच नाही, त्याच्यापासून कोणाला दूर ठेवणार, साहेब?"

पंखाचा पंचनामा केला. पत्रा आत गेलेला, त्यावर काळ्या प्लॅस्टिकचे ओरखडे. रक्त नाही, पीस नाही. तरी संस्थेचा प्रमुख प्रशिक्षक हसून म्हणाला, "ऊन लागलं असेल पोरीला." मी त्याला ठाण्यात बोलावून, मुलीचे वडील बसले नव्हते त्याच खुर्चीवर बसवून लेखी जबाब घेतला. हसू गेले.

बागांमध्ये शोध घेतला, पण तुकडे कोणीतरी आधीच वेचून नेले होते. तपास अडला. मग ठाणे अंमलदाराकडे एरंडोल तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. नाव सांगायला तो माणूस तयार नव्हता.

"तुम्ही ड्रोन शोधी ऱ्हायनात ना? आमना गावमा हळदीले पडदावर दखाडं. इमान अंगवर येस तसं! बठ्ठा गावनी शिट्ट्या मारल्या."

हल्ली आमच्याकडे हळदीच्या संध्याकाळी मांडवात मोठा पडदा लावून नवरा-नवरीची फिल्म दाखवतात. ड्रोन फुटला, तुकडे लपवले, सगळ्यांची तोंडे बंद केली. पण विमानाचे दृश्य फिल्ममध्ये दाखवायचा मोह कोणाला आवरला नाही. गावात मान मिळत होता ना!

त्या फिल्मचे चित्रीकरण करणाऱ्याला चौकशीला आणले. तो म्हणाला, "साहेब, माझा ड्रोन तर त्या शूटिंगच्या आधीच चोरीला गेला."

आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "चोर लई भला माणूस दिसतो, भाऊ. नवरा-नवरीचं शूटिंग करून तुला मेमरी कार्ड परत देऊन गेला."

मग तो खरे बोलू लागला. नवरदेवाच्या काकांना जोडप्याच्या डोक्यावरून विमान जाताना हवे होते. याने प्रवासी विमानाची वेळ पाहूनच ड्रोन वर नेला. लहान विमान तिथे थांबवलेले असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. म्हणजे हा माणूस भरलेल्या विमानाची वाट पाहत होता!

त्याच्या दुकानातून ड्रोनचे तुकडे आणि मूळ चित्रण जप्त केले. धडकेच्या क्षणी ड्रोन किती उंचीवर होता हे त्यात नोंदले गेले होते. टॉवरने मुलीला सांगितलेली उंची तीच होती. ती जागेवरून हललीच नव्हती.

गुन्हा दाखल झाल्यावर काका पेढे घेऊन ठाण्यात आले. "लगीनघर शे, साहेब. पोरगी वाचली ना? कोणी मेलं का?"

"नाना, तिने डोकं शांत ठेवलं म्हणून कोणी मेलं नाही. त्यात तुमचं काही कर्तृत्व नाही. पेढे उचला." त्यांनाही आरोपी केले.

मुलीवरचा ठपका निघाला, ती पुन्हा उडू लागली. संस्थेने पत्रात 'गैरसमज दूर झाला' असे लिहिले. माफीचा एक शब्द नाही.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वाटेत शिक्षकांनी, साध्या माणसांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, म्हणून पोहोचलो. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळेच एक गोष्ट या प्रकरणाने मनात पक्की बसवली. सांगितलेल्या जागी इमानाने थांबणाऱ्याला खोटे ठरवणे फार सोपे असते, कारण त्याच्या बाजूने ओरडणारे कोणी नसते. आणि 'कोणी मेलं का?' असे विचारणाऱ्या माणसावर चिडायला प्रेत पडायची वाट पाहू नये.