वर्षभर नुसतं बघायचं

कुंडीवहिनी नर्सरीवाल्याचा हात धरून पळाली, ही बातमी गल्लीत सकाळी दहाला फुटली आणि बारापर्यंत तिला हातपाय फुटले. समोरच्या काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: नर्सरीचा टेम्पो, मागे कुंड्या, पुढे वहिनी, आणि वहिनींच्या ओठांना चक्क लाली. लाली काकूंनी मागाहून लावली. पण बातमीला ती शोभून दिसत होती, म्हणून कुणी पुसली नाही.

"छप्पन्नाव्या वर्षी, बाई!" काकू म्हणाल्या. "आणि नवरा तर इतका सज्जन! कधी आवाज चढवला नाही बिचाऱ्याने."

आवाज त्याने खरंच कधी चढवला नव्हता. गरजच पडली नव्हती.

कुंडीवहिनी हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी सामानाचा ट्रक आला तेव्हा कपाट, गाद्या, भांडी मागे, आणि ही पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पुदिन्याची कुंडी घेऊन बसलेली. तान्हं मूल असतं तर एवढं जपलं नसतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं करायची, दिवसाला चारशे. सत्तावीस वर्षांत सात भाड्याच्या खोल्या झाल्या आणि सातही घरमालकांनी कुंड्यांवरून तिला बोल लावले. एकाच्या डोक्यावर पाणी ठिबकायचं, दुसऱ्याच्या साखरेत मुंग्या जायच्या, तिसऱ्याचं काहीच होत नव्हतं, तरी तो बोलायचा. शेवटी नवराबायकोने मिळून शहराच्या कडेला हे छोटं घर घेतलं. मागे अंगण. कुंपणापासून कुंपणापर्यंत बावीस पावलं. ट्रक रिकामा व्हायच्या आधीच ती मोजून आली होती, आणि रुमालाच्या गाठीत बहिणीने दिलेल्या घेवड्याच्या अकरा बिया होत्या.

"अहो, खुरपं कुठल्या खोक्यात घातलंय?"

"खुरपं कशाला? वर्षभर जमिनीला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"काय बघायचं?"

"ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, पाणी कुठं थांबतं."

"आणि मी कुठं थांबू?"

"इथं. ही फीत धर."

नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. तीस वर्षं त्याच्या रेघांवरून लोकांनी खड्डे खणले. त्याच्या नखात माती कधी गेली नाही. घर घ्यायच्या आधी तो पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलाने बाग करायच्या, चार दिवसांच्या शिबिराला जाऊन आला आणि माणूस पालटला. जमिनीशी भांडायचं नाही, तिचं ऐकायचं, असं तिथे शिकवलं होतं. याने ते इतकं मनावर घेतलं, की जमिनीचं ऐकता ऐकता घरातल्या दुसऱ्या कुणाचं ऐकायला कानच उरले नाहीत.

जेवायच्या टेबलावर नकाशे पसरले. ताटं मांडीवर आली. पहिला पट्टा स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज लागणाऱ्या भाजीचा. दुसरा फळझाडांचा. असं करत पाचवा, अगदी कोपऱ्यातला, रानाला मोकळा सोडलेला. वहिनीच्या नऊ कुंड्या कुठल्याच पट्ट्यात बसेनात.

"कुंडीतलं झाड म्हणजे सलाईनवरचा पेशंट," तो म्हणाला. नऊही पेशंट जिन्याखाली गेले.

तिला वही मिळाली. दर सुट्टीला नऊ, बारा आणि चार वाजता सावली कुठे पडते ते लिहायचं. तिसऱ्या आठवड्यात तिला कळलं की सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येतं आणि मोरीच्या पाण्याने तीच जागा ओली राहते. तिने सांगितलंही.

"एका ऋतूवरून ठरवायचं नसतं," तो म्हणाला, आणि पेन्सिलीला टोक केलं.

त्याचं म्हणणं चुकीचं होतं का? अजिबात नाही. घाई करून बागेचा सत्यानाश करणारे पुष्कळ असतात. फक्त त्याच्या बायकोचं वर्षभर बघणं सत्तावीस वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं, आणि ते धरायला नकाशात जागा नव्हती.

वर्ष संपलं. आता जमीन झाकायची, असं ठरलं. खाली पुठ्ठा, वर पेंढा आणि पालापाचोळा. मग पुढचं काम गांडुळं करतात. पुठ्ठा लागणार ढीगभर. वहिनीने कारखान्यातल्या स्टोअरकीपरच्या विनवण्या केल्या. रोज सुटताना रिकामी खोकी उलगडायची, चिकटपट्ट्या सोलायच्या, सुतळीने बांधून बसने आणायची.

"वहिनी, घर बांधताय की स्वतःच पार्सल होताय?" कंडक्टर विचारायचा.

"पत्ता मिळाला की सांगते," ती म्हणायची.

आणि याच दिवसांत, कुणाला न विचारता, तिने खिडकीखाली अकरा बिया टोचल्या. नऊ उगवल्या. कारखान्यातला उरलेला निळा दोरा तिने खिडकीच्या गजांना बांधला आणि वेल त्यावरून चढले. पांढरी फुलं आली. मग नखाएवढ्या शेंगा. तिने फोनवर बहिणीला सांगितलं, तेही हळू आवाजात, जणू दिवस गेले होते. नवऱ्याने वेल पाहिले असणारच. निळा दोरा आंधळ्यालाही दिसला असता. तो काही बोलला नाही. तिला वाटलं, चालतंय.

एका बुधवारी ती सात खोकी घेऊन घरी आली. अंगण या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत तपकिरी झालं होतं. पुठ्ठ्यावर पुठ्ठा, वर ओला पेंढा. नवरा घामाने भिजलेला आणि लग्नाच्या फोटोतही नव्हता इतका खूश. खिडकीखालीही पेंढाच. निळा दोरा कापून, कागदाच्या घडीवर नीट गुंडाळून, त्याने खिडकीत ठेवला होता. वस्तू वाया घालवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"घेवडा?" तिने विचारलं.

"खाली आहे. खत होईल त्याचं. या पद्धतीत वाया काही जातच नाही."

"शेंगा धरल्या होत्या."

"अगं, पण तिथं घेवडाच आहे!" तो धावत जाऊन सतरावा नकाशा घेऊन आला. "हे बघ. पहिला पट्टा, खिडकीखाली, घेवडा. तिसरं वर्ष."

तिने पाहिलं. वेल सुंदर काढला होता. पानांना हिरवी छटासुद्धा दिली होती. मग तिने वाकून पेंढा बाजूला केला आणि पुठ्ठ्याची कड उचलली. पुठ्ठ्यावर कारखान्याचा शिक्का होता आणि तिच्याच सुतळीचा वळ. कड तिने परत खाली ठेवली.

"मग आता मी काय करू?"

"काही नाही. सहा महिने नुसतं बघायचं."

शनिवारी टेम्पो आला. नवरा पाचव्या पट्ट्यात सावली मोजत होता. कुंड्या निघाल्या तेव्हा, जिन्याखालची जागा मोकळी झाली, पाण्याची टाकी तिथं बसेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

तिसऱ्या वर्षी खिडकीखाली घेवडा भरघोस आला. काकू अजून ओंजळभर शेंगा मागून नेतात आणि त्या निवडता निवडता लालीची गोष्ट सांगतात.

ती पळाली नव्हती. नऊ कुंड्या टॅक्सीत मावेनात म्हणून तिने टेम्पो बोलावला होता. टेम्पोत नर्सरीवाला होता आणि त्याची बायकोही होती. त्यांनी तिला बहिणीच्या दारात उतरवलं, कुंड्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत नेऊन ठेवल्या आणि ते परत गेले.