रिकाम्या फेरीचे दोन रुपये

अक्का कुणावर रागावल्याचं फारसं आठवत नाही. पण पैसे न घेता परत निघालेली सुईण दिसली, की त्यांचा आवाज चढायचा. "मुनियम्मा, तशीच निघालीस? मग उद्या येशील का?" आणि खणातून दोन रुपये काढून तिच्या हातावर ठेवायच्या.

मद्रासला, अड्यारच्या पलीकडच्या खेड्यात अक्का प्रसूतिकेंद्र सांभाळायच्या. तंजावरकडच्या मराठी. कळा सुरू झालेली बाई केंद्रात आणली तर सुईणीला दोन रुपये, असा केंद्र चालवणाऱ्या शहरातल्या समितीचा नियम होता. त्यामुळे कळांची खात्री होईपर्यंत सुईणी बाईला घरीच थांबवून ठेवत, आणि कधीकधी फार उशीर होई. अक्कांनी आपल्या मनानं नियम वाढवला. बाई नुसती दाखवायला आणली तरी पैसे. "पैसे बाळंतपणाचे नव्हेत ग, वेळेवर येण्याचे," म्हणायच्या.

माझं पहिलंच बाळंतपण. शाळा चौथीत सुटलेली, माहेर साताऱ्याकडे, हे दिवसभर डेपोत. आठव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पोटात मात्र काहीच दुखत नव्हतं. शेजारच्या मुनियम्मानं मला पाहिलं आणि भर दुपारी हाताला धरून केंद्रात नेलं. आपले दोन रुपये कशाला सोडू, असं वाटेत हसत म्हणाली.

अक्कांनी माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला. मग लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली, ती दुधासारखी नासली. अक्कांनी लगेच जटका, म्हणजे तिकडचा टांगा, बोलावला आणि स्वतः शेजारी बसल्या.

"अक्का, मी मरणार का?"

"मरणाऱ्या उशिरा येतात. तू वेळेवर आलीस. डोळे मीट. सरी, बरं का?"

मोठ्या इस्पितळात चौथ्या दिवशी सुमन झाली. दोघी वाचलो.

दोनेक महिन्यांनी समितीचे एक गृहस्थ वही तपासायला आले. कळा नसलेल्या, रिकाम्या फेऱ्यांवर पैसे उधळले, ही तक्रार. अक्कांनी मला बोलावून घेतलं. "कळा नव्हत्या हेच सांग. खरं तेच."

गृहस्थांनी मोडक्या हिंदीत विचारलं, त्या दिवशी कळा होत्या का. नाही म्हटलं तर अक्कांची नोकरी जाईल, एवढंच मला सुचलं.

"होत्या साहेब. खूप होत्या."

अक्कांनी वहीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, कळा नाहीत."

"बाई स्वतः सांगते आहे ना? म्हणजे ही फेरी नियमातलीच. आता मला एक तरी रिकामी फेरी दाखवा, जिचा उपयोग झाला."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटी पाडणं त्यांना जड नव्हतं. पण त्यांनी वही मिटली.

रिकाम्या फेरीचे पैसे बंद झाले. पुढच्याच महिन्यात अक्कांची बदली झाली. निरोप घेताना मी रडत म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला वाचवते आहे."

"ते कळलं ग मला," अक्का म्हणाल्या. "पण मला कशाला वाचवायचं?" सुमनच्या गालाला हात लावून त्या बसमध्ये चढल्या.

आठवड्यानं मुनियम्मा एका घराच्या ओट्यावर दिसली. आत एक पोटुशी बाई डोकं धरून बसली होती. हिला नेत नाहीस का, मी विचारलं.

"कळा येऊ देत," मुनियम्मा म्हणाली.

मी सुमनला कडेवर घेतलं, त्या बाईला उठवलं आणि केंद्राची वाट धरली. मुनियम्मा ओट्यावरच बसून राहिली.