पत्र्याचा शेला

"पत्रा म्हणजे कपडाच असते बे. इस्त्री जरा कडक झाली, एवढंच."

नवा पत्रा गाडीतून उतरला की आमचा फोरमन आधी बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान लावायचा आणि हे बोलायचा. समोर केरळचा मॅनेजर आहे की पाकिस्तानी ड्रायव्हर, ते बघायचा नाही. मराठी समजणारा यार्डात मी एकटा. तरी ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ड्रायव्हर तर त्याच्या आधीच बोलून मोकळा व्हायचा.

रियाधच्या अल सुलै भागात आमचं फॅब्रिकेशनचं यार्ड. हॉटेलांचे ओटे, धुराचे हूड, पाण्याच्या टाक्या, सगळं स्टेनलेस स्टीलचं. तो फोरमन, मी बफिंगवाला. तो पत्रा वाकवणार आणि जोडणार, मी घासून त्याचा आरसा करणार. तो भंडाऱ्याकडचा, मी रत्नागिरीच्या खाडीवरचा. एकमेकांचं मराठी आम्हाला अर्धंच कळायचं, म्हणून भांडणंही अर्धीच व्हायची.

त्याला सगळे 'मॉस्को' म्हणायचे. तरुणपणी तो देशात पोलादाच्या कारखान्यात होता. तिथून त्याला सहा महिने वेल्डिंग शिकायला रशियात पाठवलं. तेव्हा तिथं सोव्हिएत राज्य होतं. शिकून काय आला ते आला, पण एक पुतळा डोक्यात घेऊन आला. माणसं परदेशातून घड्याळ आणतात, रेडिओ आणतात. ह्यानं पुतळा आणला.

त्या पुतळ्याचा फोटो इकाम्याच्या, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या, प्लास्टिकमध्ये मागच्या बाजूला असायचा. एक पुरुष, एक बाई, दोघं मोठं पाऊल टाकून निघालेत. पुरुषाच्या हातात हातोडा, बाईच्या हातात विळा, दोन्ही हात वर उचललेले. एकदा रस्त्यात पोलिसानं इकामा मागितला, ह्यानं गडबडीत फोटोची बाजू पुढे केली.

पोलीस म्हणाला, "मिन हादी?" म्हणजे ही कोण?

"स्टेनलेस स्टील, सर," मॉस्को म्हणाला. "नो वाइफ."

पोलीस इतका हसला की इकामा न बघताच परत दिला. मी मागे उभा होतो. माझा तर संपलेला होता. त्या पुतळ्यानं मला वाचवलं, हे मी कबूल करतो.

पुतळ्याची कहाणी तो जेवताना सांगायचा. मी चौथी शिकलेला माणूस, पण ती मला आजही तोंडपाठ आहे. मोठ्या लढाईच्या आधी पॅरिसला जगाचं प्रदर्शन होतं, त्यासाठी तो केला. करणारी बाई होती. लाकडाचे साचे उलटे कोरायचे, आत पत्रा ठोकून बसवायचा, मग तुकडे जोडायचे. बाईच्या मागे एक लांब कपडा वाऱ्यावर उडतोय, टनांच्या वजनाचा, आणि खालून टेकू कुठेच नाही. सगळा सांगाडा आत लपवलेला. कारखान्याचा साहेब ओरडत होता, हा कपडा काढा, वाऱ्यानं पडेल. बाईनं ऐकलं नाही. मग कुणीतरी चुगली केली, की कपड्याच्या चुण्यांत सरकारच्या दुश्मनाचं तोंड दिसतं.

"मग?" मी दर वेळी विचारायचो.

"मंग काय, बघाले आले मोठमोठे. तोंड कुठचं दिसते? ज्याच्या मनात चोर त्यालेच दिसते."

पॅरिसला पुतळा आगगाडीनं गेला, परत येताना मोडला. दुरुस्त करून ठेवला तो ठेंगण्या चौथऱ्यावर. मॉस्कोनं पाहिला तो असा. पुढे पुष्कळ वर्षांनी तो उतरवला आणि तुकडे कितीतरी काळ नुसते पडून होते. ती बातमी मोबाइलवर आली त्या दिवशी हा जेवला नाही. उंच चौथऱ्यावर परत उभा राहिल्याचं कळलं तेव्हा त्यानं यार्डात सगळ्यांना लबन, म्हणजे इथलं ताक, वाटलं.

माझी बायको तेव्हा होती. मुलानं अल मलाझला फ्लॅट घेऊन आम्हा दोघांना ठेवलं होतं. शुक्रवारी मॉस्को जेवायला यायचा. त्याला मासे खाता येत नव्हते. खाडीकाठच्या बाईला ते बघवेना.

"भाई, काटा बघा. पोळी नाही ती," ती म्हणायची.

"वहिनी, तुमच्या माश्यात वेल्डिंग लय झालं जी. सांधेच सांधे."

पुतळ्याची कहाणी तिनंही ऐकली. सगळं ऐकून एकच बोलली, "बाईनं केला ना? मग कपडा बरोबरच उडणार. कपडा सांभाळायचं बाईला माहीत." मॉस्कोनं मान डोलावली आणि घशात काटा अडकवून घेतला.

त्याचं एक दुखणं होतं. एकदा मला म्हणाला, "कोकणी, चाळीस वर्षं मी जे केलं ते छताखाली गेलं. हूड झाले, टाक्या झाल्या. बाहेर उभं राहणारं एकबी नाई." त्याचा इकामा संपत आला होता आणि कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथं राहतो तो मालक, वाढवून देणार नव्हता. फायनल एक्झिटला, कायमचं देशात परतायला, तीन महिने उरलेले.

तेवढ्यात ते काम आलं. मूळचा कतीफकडचा खजुराचा एक व्यापारी होता. सुलैच्या बाहेर त्यानं नवा बाजार बांधला होता आणि त्याच्यासमोर बापाची आठवण म्हणून काहीतरी उभं करायचं होतं. माणसाचा पुतळा त्याला नको होता. त्याला हवी होती शमाग, म्हणजे इथले पुरुष डोक्याला घेतात तो चौकड्यांचा रुमाल. नुसती शमाग, वाऱ्यावर उडणारी, दोन मजले उंच, स्टेनलेस स्टीलची.

मॅनेजरनं कागद दाखवला तेव्हा मॉस्को खालीच बसला. मला वाटलं, चक्कर आली. तो हसत होता.

मॅनेजर म्हणाला, "पार्टी को पसंद नहीं आया तो खलास. काट के टंकी में डालेगा."

"काटो," मॉस्को म्हणाला. "पहले बनाने तो दो."

त्यानं बाजारातून नवी शमाग आणली आणि मोठ्या पंख्यासमोर टांगली. ती खळ घातलेली, पुठ्ठ्यासारखी फडफडली. धुतली, तरी तेच. तो वैतागला. "हे कापड उडून नाई राहिलं बे, हे परेड करून राहिलं." शुक्रवारी आमच्याकडे आला तेव्हा बायकोची ओढणी गॅलरीत वाळत होती. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. वारा सुटला होता. हा ताटावरून उठून गॅलरीत गेला आणि तिथंच उभा राहिला. वरण थंड झालं.

"वहिनी, हे मले द्या."

"घ्या. पण जाळून आणू नका."

जाळली नाही. प्लास्टरमध्ये बुडवली, पंख्यासमोर धरली आणि उडत्या अवस्थेत वाळवली. झाला नमुना. बायकोनं ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. "भाई, ओढणी मागितलीत की आंघोळ घालायला नेलीत?"

मग जे काम झालं तसं मी आयुष्यात केलेलं नाही. मालाच्या खोक्यांच्या फळ्या फोडून साचे कोरले. पत्रा आत घालून लाकडी हातोड्यानं बसवला. एकेक चुणी त्यानं स्वतः ठोकली. आतला सांगाडा असा, की खालचं एक टोक सोडलं तर कुठेच टेकू नाही. मी घासत होतो. चुण्यांत मशीन जात नव्हतं, तिथं हातानं घासलं. बोटं सुजली. बायको तेल लावून द्यायची आणि शिव्या मॉस्कोला द्यायची.

व्यापारी बघायला आला त्या दिवशी मॉस्कोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मोठ्या गाडीत मागे व्यापाऱ्याची म्हातारी आई बसली होती. व्यापारी एक फेरा फिरला, दुसरा फिरला, थांबला. कपाळाला आठ्या. हात पसरून म्हणाला, "हादी शेला!"

मॉस्कोचा चेहरा उजळला. "ऐवा! शेला! शेला!" जोरजोरात मान हलवायला लागला. माझ्याकडे वळून म्हणाला, "पाहा बे, अरबाले मराठी येते."

मी घाबरलो. तीस वर्षांत मला अरबी यायला लागली होती. आपण शेला म्हणतो तो खांद्यावरचा मानाचा. ह्यांच्याकडे शेला म्हणजे बायकांची डोक्यावरची ओढणी. माणूस म्हणत होता, मी बापाची शमाग सांगितली, तुम्ही बाईची ओढणी केली. आणि हा हो हो म्हणून नाचत होता.

मी सांगितलं. मॉस्कोचं तोंड पडलं. खोटं बोलायला त्याला जमत नव्हतं. मला म्हणाला, "सांग त्याले, ओढणीच आहे. माझ्या वहिनीची. शमाग उडत नव्हती." मी सांगितलं. व्यापाऱ्यानं डोक्यावरची शमाग नीट केली आणि मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनं कटिंग मशीनकडे बघितलं.

गाडीचं दार उघडलं. म्हातारी उतरली. काळा अबाया, डोक्यावर शेला, हातात काठी. ती पत्र्याजवळ गेली आणि एका चुणीवर तळहात फिरवला.

"तुझ्या बापाची शमाग कधी उडाली?" ती मुलाला म्हणाली. "तो तर डोक्याला दोरीसारखी गुंडाळायचा. बागेत वारा सुटला की उडायचा माझा शेला. आणि मागे धावायचा तो."

 म्हातारी स्वतःच हसायला लागली, तोंडावर शेल्याचा पदर धरून. मग व्यापारीही हसला. "खलास," म्हणाला, "हाच उभा करा."

मॉस्कोनं मला विचारलं, "खलास म्हंजे काटणार?"

"नाही रे," मी म्हटलं. "उभा करणार."

त्यानं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा मोडला.

क्रेननं उभा केला तेव्हा बायको बघायला आली. मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझी इतकी चकचकीत कधीच नव्हती." मॉस्को म्हणाला, "हे तुमच्या नवऱ्याचं काम जी. तो घासते लय." पुढच्या आठवड्यात तो गेला. विमानतळावर जाताना टॅक्सीला बाजाराला तीन फेरे मारायला लावले आणि खिडकीतून अर्धा बाहेर लटकून बघत होता. ड्रायव्हर शिव्या देत होता.

ह्या रमजानच्या आधी माझी बायको गेली. मला रडता येत नाही, मी त्या शेल्यापाशी जातो आणि फडकं घेऊन हात पोचेल तेवढा पत्रा पुसतो. असाच तिथं असताना एकदा भंडाऱ्याहून मॉस्कोचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, शेला दाखव. मी फोन फिरवला.

"वहिनी आल्या नाई का आज?"

मी सांगितलं.

 फोनमध्ये मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मग म्हणाला, "कोकणी, थोडा मांगं हो बे. वरचं टोक कटून राहिलं."

मी मागे सरलो. "अजून," तो म्हणाला. मी फूटपाथ उतरलो, गाड्यांनी हॉर्न वाजवले. "अजून थोडा." मी रस्ता ओलांडून पलीकडे टायरच्या दुकानाच्या भिंतीला टेकलो.

"आता ओढणी पुरी दिसते," तो म्हणाला.

फोन आम्ही दोघांनीही ठेवला नाही. हात दुखेपर्यंत मी तसाच धरून उभा राहिलो.