आफ्रिकेतला फणस

बर्लिनच्या एका वनस्पतिशास्त्र संस्थेत मी डॉक्टरेटसाठी दाखल झालो ते साठ सालाच्या आसपास. आमचे प्राध्यापक वड-अंजिराच्या कुळातल्या आफ्रिकन झाडांचे जाणकार. नव्या विद्यार्थ्याने आधी एका झाडाचं वर्णन लिहून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. ते पसंत पडलं तर संशोधनाला विषय मिळायचा, नाही तर दुसरा गुरू शोधायचा. माझी शिष्यवृत्ती याच गुरूंच्या भरवशावर होती, त्यामुळे नापसंती म्हणजे परतीची बोट.

माझ्या वाट्याला ट्रेक्युलिया आफ्रिकाना नावाचं झाड आलं. वाळवून कागदावर चिकटवलेल्या फांद्या पाहिल्या, खोडालाच लगडलेल्या बोजड फळांचा फोटो पाहिला, आणि मला हसू फुटलं. हा तर आमचा फणस. फणसही त्याच कुळातला, आणि मी रत्नागिरीकडचा, जन्मात फणसाशिवाय दुसरं काही धड ओळखायला न शिकलेला माणूस. कपाटात स्पिरिटच्या बरणीत एक फळ होतं, ते कापून पाहायचं होतं. पण कापून निराळं काय दिसणार? मी टेबलाशी बसलो आणि साल, मधला दांडा, गरे, आठळ्या असं सगळं आठवणीतून जर्मनमध्ये उतरवलं. गरे घट्ट आणि कुरकुरीत लिहिले. म्हणजे कापा. मऊ गऱ्यांचा बरका फणस आमच्या घरी कुणी आनंदाने खात नसे, आणि माझं झाड त्या दर्जाचं निघेल हे मला मान्य नव्हतं.

प्राध्यापकांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर फळ कापा, एवढंच म्हणाले.

फणस कापायचा तर हाताला तेल हवं, नाही तर चीक सुटत नाही. डोक्याला लावायला आणलेली खोबरेल तेलाची बाटली थंडीने गोठली होती. मी ती सकाळी संस्थेच्या हीटरवर ठेवली. तासाभरात अख्ख्या मजल्याला वास सुटला. प्रयोगशाळेतल्या बाईंनी खिडक्या उघडल्या आणि हाताला काही त्वचारोग झालाय का, अशी काळजीने चौकशी केली. मी त्यांना चिकाचं शास्त्र समजावून सांगितलं, सुरीलाही तेल लावलं आणि बरणीत हात घातला.

स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं मुरलेल्या फळाला चीक कुठला? ते नारळाएवढं फळ माझ्या तेलकट हातांतून सटकलं, टेबलावरून घरंगळलं आणि प्राध्यापकांच्या बुटाशी जाऊन थांबलं. त्यांनी ते उचललं, रुमालाने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी कापलं. आत गरे नव्हते. स्पंजासारखा भुसभुशीत लगदा, आणि त्यात शेंगदाण्याएवढ्या असंख्य बिया. मी आणखी एक काप घेतला, मग आणखी एक. घर सोडून आठ महिने झाले होते, आणि त्या भुशातून एक तरी गरा निघावा असं मला इतकं वाटत होतं की डोळे भरून आले.

प्राध्यापक बरोबरीच्या सहकाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "हेर कोलेगे, तुमचं वर्णन उत्तम आहे. फक्त ते झाड आफ्रिकेत नाही."

पुन्हा लिहायला त्यांनी एक आठवडा दिला. या वेळी मी समोर दिसेल तेवढंच लिहिलं, पण पहिलं वाक्य होतं: मांसल गरे नाहीत. प्राध्यापक तिथेच अडले. जे नाही ते वर्णनात कशाला, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, "मी तेच शोधत होतो."

त्यांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग म्हणाले, फणसापासून हे झाड वेगळं करायचं तर पहिली खूण हीच. "गेनाऊ, अगदी बरोबर. हे वाक्य राहू द्या. बाकीचं जर्मन सुधारून आणा."

विषय मिळाला. मी त्याच दिवशी आईला लिहिलं की आता चार वर्षं इथेच. आफ्रिकेत फणस नसतो हे मी स्वतः कापून सिद्ध केलंय.

महिन्याभराने उत्तर आलं. सगळ्यांची खुशाली, आणि खाली एक ओळ: इथे फणस आहेत, तू कधी येतोस?