रेस दिली की चौदा

शिरूरच्या बायपासला खोक्याएवढ्या गाळ्यात अमजद मिस्त्रीनं तीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली. कुणाला चार फोकस हवेत, कुणाला मिरवणुकीसाठी स्पीकर. अमजद आधी भाषण द्यायचा. "लायटी वाढवशील, पर करंट कुठनं आणशील? आधी अल्टरनेटर मोठा बसव, वायर जाड टाक, मंग काय नाचायचं ते नाच." काम झालं की तो इंजिन खच्चून रेस करायचा आणि मीटरचा काटा चौदा व्होल्टवर टेकलेला दाखवायचा. गिऱ्हाईक खूश. गाडी उभी राहून इंजिन स्लोवर असताना किती करंट मिळतो, हे तीस वर्षांत ना कुणी विचारलं, ना यानं दाखवलं.

दोन वर्षांपूर्वी बायकोची, रोशनबीची फुप्फुसं खराब झाली. नाकात ऑक्सिजनची नळी आली, उशाशी विजेवर ऑक्सिजन बनवणारं मशीन आलं आणि भिंतीतल्या प्लगपासून नळी पोचेल तेवढंच घर तिच्या वाट्याला उरलं. तशात तिची दौंडची थोरली बहीण हुसेनबी अंथरुणाला खिळली. रोशनबीनं धोशा लावला, "मला आपाकडं न्या."

डॉक्टरांचं अमजदला काही कळत नव्हतं, वायरिंग कळत होतं. घरच्या जुन्या व्हॅनमध्ये इन्व्हर्टर टाकून मशीन चालवायचं त्यानं ठरवलं. भंगारातून ट्रकचा मोठा अल्टरनेटर आणला, त्याच्या पट्ट्याच्या थोरल्या चाकासकट, पुलीसकट बसवला, जाड केबल ओढली. चार दिवस त्याला जेवणाची शुद्ध नव्हती. गुरुवारी रोशनबीला मागच्या सीटवर बसवून त्यानं रेस दिली. काटा चौदावर. ती कितीतरी दिवसांनी हसली.

शुक्रवारी दुपारी एकला फोन आला. हुसेनबी गेली. पाचच्या सुमाराला, असरच्या नमाजनंतर माती.

"तोंड तरी बघू द्या तिचं," रोशनबी म्हणाली. दोनला ते निघाले. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी झाली होती. एका बाजूला ऊस, दुसरीकडं उघडा माळ, आणि मध्ये गाड्यांची रांग.

अर्ध्या तासानं इन्व्हर्टर पीं पीं करू लागला. मीटर अकरावर. अमजदच्या लक्षात आलं. ट्रकची पुली मोठी, म्हणून सावकाश फिरणारी. स्लोवर अल्टरनेटर फिरतच नव्हता म्हणावा तसा. पुली बदलणं दोन तासांचं काम होतं, ते राहिलं, कारण मीटर त्यानं फक्त रेसवर बघितलं होतं. आता रेस दाबून धरली तर मशीन चालायचं, पण उभ्या गाडीचं इंजिन तापत होतं. पाय सोडला की मशीन बंद.

पुढच्या ट्रॅक्टरवरचा जालिंदर उतरून आला. त्याच्या फोकसची वायरिंग अमजदनंच केली होती. "मिस्त्री, क्रेन यायला दोन तास धरा."

मशीन थांबलं. अमजदनं नळी सोबत घेतलेल्या छोट्या सिलिंडरला लावली. त्यात पाऊण तासाचा ऑक्सिजन होता, म्हणजे फक्त घरापुरता. श्रीगोंदा-काष्टीकडून वळसा घालावा तर असर टळत होती. सगळ्या तालुक्याला अक्कल शिकवणाऱ्या माणसानं मागं वळून बायकोकडं बघितलं.

"मला माफ कर," तो म्हणाला.

रोशनबीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वळवा गाडी."

जालिंदरनं मागच्या गाड्या सरकवून वाट करून दिली.

परतीचा रस्ता मोकळा होता. व्हॅननं वेग घेतला तसा काटा उठला. बारा. तेरा. चौदा. अमजदनं इन्व्हर्टरचं बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं, एकसारखं, न अडखळता. रोशनबीनं सिलिंडरची नळी काढून मशीनला लावली.

"बगा, किती झ्याक चालतंय," ती म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली, आणि मागच्या काचेतनं दौंडच्या दिशेला बघत राहिली.

अमजदनं पुढं शिरूरपर्यंत मीटरकडं बघितलं नाही.